उन्हाळ्याची सुट्टी कापावी की राहू द्यावी?



वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन पोर घरी येते, दप्तर कोनाड्यात टाकते, आणि आई 'अरे, जेवून तर जा' म्हणते तोवर शिवारात पसार होते. हे तुमच्या घरी दर वर्षी घडते, आमच्याही घरी घडते. त्या दप्तराने कोनाड्यात किती दिवस पडून राहायचे, याबद्दल मात्र अलीकडे वाद चालू आहे. सुट्टी फार लांबते, मुले शिकलेले विसरतात, ती दोन-तीन आठवडे कापावी, असे एक पक्ष म्हणतो. उन्हाचा कडाका पाहता ती उलट वाढवावी, असे दुसरा म्हणतो. दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसे बहुधा शहरातली. त्यांच्या मुलांना मे महिन्यात पंख्याखाली काय करावे हा प्रश्न पडतो. आपल्या घरी मे महिना कसा जातो, हे त्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही.

शासनाचाही या बाबतीत एकच एक विचार दिसत नाही. कोरोनाने बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी २०२२ साली एप्रिलभर शाळा पूर्ण वेळ भरवण्याचा हुकूम निघाला. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, उष्णतेमुळे २१ एप्रिलपासूनच सुट्टी दिली गेली. २०२५ साली परीक्षा पुन्हा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या. या ओढाताणीत आपल्याकडची सुट्टी साधारण मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत राहत आली आहे. विदर्भात शाळा त्यानंतर आठवडाभराने किंवा अधिक उशिराने उघडते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तिथल्या पत्र्याच्या वर्गखोलीत चाळीस पोरे कोंबून त्यांच्याकडून पाढे म्हणून घ्यावेत, असे ज्याला वाटते त्याने आधी स्वतः तासभर तिथे बसून पाहावे. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात शाळेच्या माठात पाणी कोठून येणार, हा प्रश्न आणखी वेगळा.

पण ऊन-पाण्याचे हे कारण सगळ्यांना पटण्यासारखे आहे. मला बोलायचे आहे ते घराबद्दल.

मे महिन्यात शेत रिकामे दिसते म्हणून शेतकरी रिकामा असतो, असे रस्त्याने जाणाऱ्याला वाटते. तुम्हाला ठाऊक आहे, मृगाच्या आधीचे हे पाच-सहा आठवडे वर्षाचा पाया घालतात. नांगरलेल्या रानातली ढेकळे फोडायची, कुळवाच्या पाळ्या घालायच्या, धसकटे वेचायची, शेणखत पसरायचे, बांध नीट करायचे. नाशिककडे उन्हाळी कांदा काढून, पात कापून, निवडून चाळीत भरायचा असतो. कोकणात आगोटीची घाई असते. लाकूडफाटा आत घ्यायचा, छप्पर पाहायचे, आंबा-फणसाचे काय ते करायचे. गडचिरोली-गोंदियाच्या रानात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, आणि त्या थोड्या दिवसांच्या पैशावर पुष्कळ घरांचे बी-बियाणे येते. घरात बायकांचे पापड, कुरडया, सांडगे, शेवया, वर्षाचे तिखट. यात मुले राबतात असे मी म्हणत नाही. पण धाकट्याला सांभाळायला, शेळ्या वळायला, रानात भाकरी पोचवायला, वाळवणावरचे कावळे हाकायला घरात कोणी असले की आईचे दोन हात मोकळे होतात. आणि कुळवामागे चालणारा पोरगा त्या महिनाभरात जे शिकतो, ते कोणत्या पुस्तकात आहे?

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. २०१६ साली दुरुस्त झालेल्या कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवण्यास मनाई आहे. आपल्याच घरच्या शेतात, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, हातभार लावलेला चालतो, आणि तोही धोक्याचे काम नसेल तरच. तेव्हा फवारणीचा पंप आणि चालू यंत्राचा पट्टा यांपासून पोरांना लांब ठेवा. विहिरीत पोहायला शिकवायचे तर कमरेला दोर बांधून, आणि काठावर पोहणारा मोठा माणूस उभा ठेवून. मे महिन्यात वर्तमानपत्रात येणाऱ्या वाईट बातम्या पाहिल्या की हे पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते.

आता आईबद्दल. सुट्टी मुलांची म्हणून मोजली जाते, पण आपल्या घरात ती आईचीही असते. वर्षभर चूल, गोठा आणि रान यांत फिरणारी बाई चार दिवस माहेरी जाते ती मुलांची शाळा बंद असते म्हणूनच. दिवाळीत जावे तर कापूस वेचणीला आलेला, रब्बीचे रान तयार करायचे. राहिला मे. त्यातही आधी लग्नसराई, मग वाळवणे, मग रोहिण्या सुरू होण्यापूर्वी परत. त्यातून दोन आठवडे कापले तर कोणते कापले जातील? कांद्याचे नाही, लग्नाचे नाही, पेरणीच्या तयारीचे तर नाहीच. माहेरचे कापले जातील. मुलांच्या आजोळाचा उल्लेख सगळे करतात. आजोळ म्हणजे कोणाचे तरी माहेर, हे लक्षात ठेवून हिशेब मांडलेला मी तरी पाहिला नाही.

पैशाचाही विचार करा. जून उजाडला की बियाणे, खत, औतकाठीची दुरुस्ती किंवा ट्रॅक्टरचे भाडे, सगळे एकदम उभे राहते. त्यातच वह्या, दप्तर, छत्री. शासकीय शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मिळतात, पण वह्या मिळत नाहीत. शाळा पंधरा दिवस आधी उघडली तर हा खर्चही पंधरा दिवस आधी आला. सोसायटीचे कर्ज तोवर हातात पडलेले असेलच असे नाही.

इतके वाचून तुम्ही म्हणाल, मग झाले, सुट्टी आहे तशी राहू द्या. मीही पुष्कळ दिवस असेच म्हणत होतो. पण काही घरे अशी आहेत की तिथे हा हिशेब उलटा होतो, आणि ती घरे आपल्याच गावात आहेत.

पहिले घर ऊसतोड मजुराचे. बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयते निघतात ते मार्च-एप्रिलला परततात. २०२१-२२ चा हंगाम तर ऊस शिल्लक राहिल्यामुळे जूनपर्यंत लांबला होता. उचल घेतलेली असते, जावेच लागते. जे मूल आजीजवळ राहते किंवा हंगामी वसतिगृहात जेवते, त्याची शाळा कशीबशी टिकते. जे मूल फडावर गेले, त्याचे काय? ते जूनच्या मध्याला शाळेत बसते, दसऱ्यानंतर आईबापाबरोबर जाते, आणि एप्रिलात परत येते तेव्हा परीक्षा चालू असते किंवा उरकलेली असते. गावातली मुले 'सुट्टी लागली' म्हणून ओरडत असतात तेव्हा हे पोर त्यांच्याकडे पाहत उभे राहते. त्याची सुट्टी कधीचीच चालू आहे. बोटांवर मोजा, त्याची वर्षाची शाळा चार महिन्यांची. आणि नेमक्या ज्या दीड महिन्यात ते गावात असते, घरी आईबाप असतात, फड नसतो, त्या दीड महिन्यात शाळेला कुलूप असते. चाराचे साडेपाच महिने झाले तर त्या मुलाच्या आयुष्यात केवढा फरक पडेल!

दुसरे घर ज्याच्या चुलीला उन्हाळा जड जातो ते. शाळेत पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे दीडशे ग्रॅम तांदूळ धरला जातो. आपण तिला खिचडी म्हणून हसतो, पण काही पोरांचे दिवसातले ते एकच पोटभर जेवण असते. सुट्टी लागली की ते बंद. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये आदेश दिला आहे की दुष्काळग्रस्त भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही हे जेवण द्यावे. २०१६ च्या दुष्काळात न्यायालयाने तेच पुन्हा बजावले. म्हणजे वर्ग बंद असले तरी चूल पेटू शकते.

तिसऱ्या घराबद्दल लिहिताना हात अडखळतो. सातवी-आठवीतली मुलगी, अंगाने वाढलेली. आईबाप दिवसभर रानात, मुलगी घरी एकटी, शाळा बंद. त्यांच्या मनात धास्ती. त्यात भावकीतले एखादे लग्न निघते, 'एका मांडवात उरकून टाका, खर्च वाचेल' असे कोणीतरी म्हणते. जूनमध्ये गुरुजी हजेरी घेतात तेव्हा त्या नावापुढे उत्तर येत नाही. बाकीच्या मुली खाली पाहतात. अशा हजेऱ्या मी पाहिल्या आहेत. मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पूर्ण झाल्यावाचून लग्न लावणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे सर्वांना माहीत असते. १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो, ग्रामसेवकाला सांगता येते, हेही माहीत असते. तरी मे महिन्यात ते घडते, कारण मुलगी दिसली नाही म्हणून विचारायला येणारे तेव्हा कोणी नसते. एरवी बाई दोन दिवसांत घरी येऊन विचारतात, 'पोरगी का आली नाही?' हे विचारणेच पुष्कळदा पुरेसे असते.

तेव्हा सुट्टी सगळ्यांची कापणे मला पसंत नाही. चार घरांसाठी चाळीस घरांचा मे महिना मोडू नये. पण त्या चार घरांना 'जूनमध्ये या' म्हणून सांगणेही बरे नव्हे. गावच्या शाळेची एक खोली, जी सर्वांत गार असेल ती, मे महिन्यात सकाळी सात ते साडेनऊ उघडी असावी. ज्याला यायचे त्याने यावे. वाचन, गणित, थोडे खेळ, मग खिचडी, आणि ऊन चढायच्या आत घरी. यायची सक्ती नाही, पण रोजची हजेरी घ्यायची, विशेषतः मुलींची.

हे शिक्षकांच्या माथी फुकट मारू नये, हेही स्पष्ट सांगतो. दीर्घ सुट्टी मिळते म्हणून त्यांना एरवीची अर्जित रजा इतर नोकरांएवढी मिळत नाही. ते जनगणना करतात, निवडणूक करतात. त्यांच्या बायकांनाही माहेर असते. गावात डी.एड. झालेली, नोकरीची वाट पाहणारी मुले-मुली आहेत. ग्रामपंचायतीने त्यांना मानधन द्यावे आणि सकाळचे दोन-अडीच तास सोपवावेत. आहार शिजवणाऱ्या ताईंनाही त्या महिन्याचे पैसे मिळायला हवेत. पैशाचे आधी ठरले नाही, तर वर्ग आठ दिवसांत बंद पडेल.

राहिला उरलेल्या गावाचा प्रश्न. ज्यांना दुसऱ्या हंगामात सुट्टी हवी असते, त्यांच्यासाठी नियमात वाट आहे. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे वर्षातल्या सर्व सुट्ट्या मिळून ७६ दिवसांहून अधिक होता कामा नयेत आणि कामाचे दिवस निदान २३० भरले पाहिजेत. म्हणजे थैली एकच आहे, एका खिशातून काढाल तर दुसऱ्या खिशात जाईल. उन्हाळ्याचे किंवा दिवाळीचे काही दिवस कमी करून ते गणपती-नाताळासारख्या सणाला, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने घेता येतात. गणपतीसाठी घेता येतात तर भाताच्या लावणीसाठी किंवा सोयाबीन काढणीसाठी का मागू नयेत? मिळतीलच असे मी म्हणत नाही, पण मागितल्याशिवाय कसे कळणार? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेचे वार्षिक वेळापत्रक ठरवण्याचे काम स्थानिक प्राधिकरणाकडे दिले आहे. त्याच कायद्याप्रमाणे गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या बायका. त्या बायका सहीपुरत्या बोलावल्या जातात की बोलतात, ते गावागावावर आहे.

शाळा उघडली की जून-जुलैत सुट्ट्यांची यादी तयार होते. तुम्ही तेव्हा पेरणीत असता, यादी तुमच्यावाचून कागदावर चढते. या वर्षी अर्धा दिवस काढून समितीच्या सभेला जा. गावातली किती मुले कोयत्याबरोबर जातात, किती मुली गेल्या उन्हाळ्यानंतर परत आल्या नाहीत, हे आधी मोजून न्या. मे महिन्यातल्या सकाळच्या वर्गासाठी ग्रामसभेत ठराव मांडायचा असेल तर तो दिवाळीपूर्वीच मांडावा, कारण पंचायतीचा पुढच्या वर्षाचा आराखडा त्या सुमाराला आकार घेतो. मांडलात तर काय झाले, ठराव झाला की हशा झाला, ते आम्हाला पोस्टकार्डावर कळवा.