पालकांचा गट म्हणजे रडगाणं नव्हे

“असे आईबाप एकत्र येऊन करणार काय? एकमेकांपुढे रडणार आणि पोरांच्या लाडांवर पांघरूण घालणार.” स्वमग्न किंवा एडीएचडी असलेल्या मुलांच्या पालकगटांबद्दल हे मी शिक्षकांकडून, आजी-आजोबांकडून, कधी डॉक्टरांकडूनही इतक्यांदा ऐकलंय की आता शांतपणे उत्तर देणं जड जातं. तरी देते.

या बोलण्याच्या मुळाशी एक जुना समज आहे. मूल चावतं, किंचाळतं, भर रस्त्यात लोळण घेतं, म्हणजे आईनं वळण लावलं नाही. एके काळी तज्ज्ञही हेच म्हणत. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या नोंदींतून स्वमग्नतेचं वर्णन केलं, पण पुढे त्यांनीच पालकांच्या कोरडेपणाकडे बोट दाखवलं. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात तो ठपका थेट आयांवर ठेवला. किती बायकांनी तो आयुष्यभर वागवला असेल!

आणि तो खोडायला पुढे कोण आलं? पालकच. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. स्वमग्नतेचं कारण जैविक आहे, हे त्यांनी १९६४ मध्ये पुस्तक लिहून मांडलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत पालकांची संघटना उभी केली. ब्रिटनमधल्या पालकांनी १९६२ मध्येच संघटना काढली होती. १९७७ मध्ये संशोधक फोल्स्टीन आणि रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलं स्वमग्न निघाली, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत नाही. वळण तर प्रत्येक जोडीतल्या दोघांना एकाच घरात लागत होतं. आपल्याकडे दिल्लीत ‘अॅक्शन फॉर ऑटिझम’ सुरू करणाऱ्या मेरी बरुआ याही स्वमग्न मुलाच्या आईच. याला पांघरूण घालणं म्हणायचं?

आता गटात काय चालतं ते. एकदा बोलणं रंगात असताना एक मुलगा फरशीवर आडवा झाला, डोकं आपटू लागला. एका ताईंनी डोक्याखाली उशी सरकवली, दुसरीनं ट्यूबलाइट घालवली, बाकीच्यांनी आवाज खाली आणून बोलणं चालू ठेवलं. त्याच्या आईला कुणाची माफी मागावी लागली नाही. मग विषय निघाला कटिंगचा. एक आई म्हणाली, “मंगळवारी सकाळी ने, दुकानात गर्दी नसते. मशीन नको, कात्रीच. आणि पाण्याचा फवारा मारायच्या आधी त्याला दाखवायचा.” मशीनचा आवाज मुलाला सोसत नाही, हे थेरपिस्ट सांगतातच. मंगळवारची युक्ती मात्र त्या आईकडेच मिळते.

याला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेत एका पालकाची दुसऱ्या अनुभवी पालकाशी गाठ घालून देणारे कार्यक्रम चालतात. सिंगर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये त्यांची पाहणी केली, तेव्हा ८० टक्क्यांहून अधिक पालकांनी उपयोग झाल्याचं सांगितलं. समोरच्याची परिस्थिती आपल्यासारखी असणं मात्र फार महत्त्वाचं. ज्याचं मूल अजून एकही शब्द बोलत नाही, त्याला शाळेत जरा दंगा करणाऱ्या मुलाच्या आईचे सल्ले बोचतात.

बाकीचे समज थोडक्यात.

“दोन फटके द्या, सुधारेल.” मूल भीतीनं गप्प होतं, त्रास देणारा आवाज किंवा उजेड तसाच राहतो. शाळेत तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं मारायला बंदीच आहे.

“गट मिळाला, आता थेरपी कशाला?” दोन्ही हवं.

“बाबांचं तिथे काय काम?” आईइतकंच. बाबा तर बहुतेकदा कुणाशीच बोलत नाहीत.

“गटात कळलं म्हणजे खरंच असणार.” नाही! स्वमग्नतेवर स्टेम सेलचा इलाज व्हॉट्सअॅपवर फिरतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानं २०२२ मध्येच तो करू नये असं सांगितलं आहे. लाखभर रुपये मोजण्याआधी हे वाचा.

“आमच्या गावात असा गट नाही.” दोन घरं पुरतात. थेरपी सेंटरच्या बाकावर पाऊण तास मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या आया एकमेकींना नुसत्या चेहऱ्यानं ओळखतात. सेंटरवाल्यांनी महिन्यातून एकदा ती खोली त्यांना गप्पांसाठी द्यावी, आणि ज्यांची तयारी असेल त्यांचे नंबर एकमेकींना द्यावेत.