माळ्यावरची रेसर आणि घामाचा हिशेब

पुणे जिल्ह्यातील घाटरस्त्यांवरून जानेवारी २०२६ मध्ये धावलेल्या ‘पुणे ग्रँड टूर’ या आंतरराष्ट्रीय सायकल शर्यतीमुळे रेसर सायकलींविषयी जे कुतूहल जागे झाले आहे, ते मृगाच्या पहिल्या सरीत वाहून जाऊ नये असे ज्यांना वाटते, त्यांच्यापुढे आता जून ते सप्टेंबर सायकल चालवायची कोठे, हा प्रश्न आहे. न्हावा शेवा, उलवे, जासई आणि द्रोणागिरी या पट्ट्यात तर तो बारमाही आहे. येथील बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले आणि तेव्हापासून गव्हाण फाटा व करळ फाट्याकडचे रस्ते प्रामुख्याने कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांच्या सोयीने वाढत गेले. या पट्ट्याला मुंबईशी जोडणाऱ्या, १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या अटल सेतूची एकूण लांबी २१.८ किलोमीटर असून त्यापैकी सुमारे १६.५ किलोमीटर भाग समुद्रावर आहे, मात्र त्यावर दुचाकी, रिक्षा आणि संथ वाहनांना मज्जाव आहे आणि सायकल त्यातच मोडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मॅरेथॉनच्या निमित्ताने एका सकाळी धावपटूंना या सेतूवर पाऊल ठेवता आले, परंतु नित्याच्या सायकलस्वाराला त्याचा उपयोग केवळ पाहण्यापुरता आहे.

अशा परिस्थितीत माळ्यावरची जुनी रेसर घरातच ट्रेनरवर चढवण्याचा मार्ग उरतो. ट्रेनर म्हणजे सायकल जागच्या जागी धरून ठेवणारी आणि पायडल मारताना रस्त्यासारखा रोध निर्माण करणारी चौकट. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात मागचे चाक सायकलवरच राहते, त्याच्या एक्सलची दोन्ही टोके चौकटीत आवळली जातात आणि टायर एका लोखंडी रुळावर घासत फिरते, तर रुळाला चुंबकाने किंवा बंद डब्यातील दाट द्रवाने अडथळा केलेला असतो. दुसऱ्यात मागचे चाक काढून टाकावे लागते आणि चेन थेट ट्रेनरवर बसवलेल्या दात्यांच्या चकत्यांवर चढते. हा दुसरा प्रकार आवाज कमी करतो आणि लावलेली शक्ती अधिक अचूक मोजतो, म्हणून त्याची जाहिरात जोरात होते. जुन्या सायकलीच्या मालकाने मात्र त्याआधी मोजपट्टी हाती घ्यावी.

कारण जुन्या आणि नव्या सायकलींमधील खरा फरक मागच्या चिमट्याच्या रुंदीत आहे. मागचे एक्सल ज्या दोन खाचांत बसते, त्यांच्यातील आतले अंतर पाच गियरच्या काळात साधारण १२० मिलिमीटर होते, सहा-सात गियरच्या रेसरमध्ये ते १२६ झाले आणि आठ ते अकरा गियरसाठी १३० ठरले. चाक काढून बसवायचे ट्रेनर बहुधा १३० आणि त्यापुढील मापांसाठी बनवलेले असतात. शिवाय जुन्या सायकलीचे फ्रीव्हील, म्हणजे पायडल थांबले तरी चाक फिरू देणारी दात्यांची जुडी, हबवर आट्यांनी घट्ट बसवलेले असते. ते ट्रेनरवर नेता येत नाही, तेथे वेगळ्या रचनेची कॅसेट घ्यावी लागते, आणि सात चकत्यांची कॅसेट लांब बैठकीवर बसवताना मागे ४.५ मिलिमीटरचा वायसर घालावा लागतो. यात एक सोय मात्र जुन्यांच्या बाजूची आहे. खालच्या तिरप्या नळीवर असलेली, टकटक न करता केवळ घर्षणाने थांबणारी गियरची दांडी कोणत्याही संख्येच्या चकत्यांशी जुळवून घेते, कारण गियर कोठे थांबवायचा हे यंत्र नव्हे, चालवणाऱ्याचा अंगठा ठरवतो.

चिमटा रुंदावण्याच्या प्रश्नावर सर्वांत विश्वासाने ज्यांच्याकडे पाहिले जाते, ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वेस्ट न्यूटन येथील एका सायकल दुकानात काम केलेले शेल्डन ब्राऊन. २००८ मध्ये निधन पावलेल्या या कारागिराने जुन्या सायकलींच्या मापांचे ज्ञान विनामूल्य लिहून ठेवले, आणि आज जगातील असंख्य मेकॅनिक, नाव माहीत असो वा नसो, त्यांच्याच पद्धतीने काम करतात. पोलादी चौकट थंड अवस्थेतच हळूहळू वाकवून १२६ ची १३० करता येते, असे ते सांगत. एका लांब लाकडी फळीची तरफ करून चिमट्याची एकेक बाजू स्वतंत्रपणे दोन-दोन मिलिमीटर बाहेर आणायची आणि मग दोऱ्याने तपासायची, अशी ती रीत. दोरा मागच्या एका खाचेला बांधून हँडलच्या नळीभोवती वळसा देऊन दुसऱ्या खाचेपर्यंत ताणला, की सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचे अंतर सारखे भरले पाहिजे. ते कमी-जास्त असेल तर चिमटा एका अंगाला गेला आहे असे समजावे. सुताराच्या ओळंब्याइतकी साधी ही युक्ती कारागिरीच्या शहाणपणाचा उत्तम नमुना आहे. अॅल्युमिनियम आणि कार्बनच्या चौकटींना मात्र हा उपाय लावू नये, कारण त्या वाकून राहत नाहीत, तडकतात.

एवढा खटाटोप टाळायचा असेल, तर पहिल्या प्रकारचा साधा ट्रेनरच जुन्या पोलादी रेसरला अधिक शोभतो. त्यात चिमट्याची रुंदी आड येत नाही. एक्सल नटाचे असल्यास त्याजागी पोकळ एक्सल आणि क्विक रिलीज, म्हणजे पाना न वापरता दांडीने आवळता येणारी सळई, बसवून घ्यावी लागते, आणि ही सळई पोलादाची असावी, कारण चौकटीची सारी पकड तिच्या टोकांवरच असते. चाकाचा ‘आउट’, म्हणजे वाकडेपणा, आधी काढून घ्यावा. रस्त्यावर जाणवत नाही असा किंचित डुगडुगाटही रुळावर प्रत्येक फेऱ्याला धपधप करतो आणि खालच्या मजल्यावर पोहोचतो. टायरमध्ये पुरेशी हवा भरून रूळ टायरला टेकल्यानंतर फिरकी साधारण दोन वळणे आवळली, की पकड पुरते. मागचा भाग उचलला गेल्याने शरीराचा भार हातांवर येतो, म्हणून पुढच्या चाकाखाली काहीतरी घालून सायकल समपातळीत आणावी लागते. त्यासाठी विकतचा ठोकळा मिळतो, परंतु घरातला जेवणाचा पाट हेच काम चोख करतो. घरात लहान मुले असतील, तर चाक फिरत असताना त्यांची बोटे आरे आणि चेनपासून दूर ठेवण्याची जबाबदारी कोणावर तरी नेमून द्यावी.

यंत्राची जुळवाजुळव येथे संपते. किनाऱ्यावरची खरी अडचण शरीराच्या उष्णतेची आहे. सायकल चालवताना शरीर खर्च करते त्या ऊर्जेपैकी सुमारे २० ते २५ टक्केच पायडलपर्यंत पोहोचते, उरलेली उष्णता होते. अटल सेतूएवढे २१.८ किलोमीटर अंतर ताशी २७ किलोमीटरने कापायला साधारण ४८ मिनिटे लागतात. या वेळात पायडलवर १५० वॅट शक्ती लावली, तर शरीरात ४५० ते ६०० वॅट उष्णता सतत निर्माण होत राहते, आणि एक लिटर घाम वाळताना सुमारे २४ लाख जूल उष्णता नेतो हे धरले, तर केवळ घामावर भिस्त ठेवल्यास ती बाहेर टाकायला अर्धा ते पाऊण लिटर घाम पूर्णपणे वाळावा लागतो. रस्त्यावर चालत्या सायकलीचा स्वतःचा वारा हे काम करतो. बंद खोलीत तो वारा नसतो आणि पावसाळ्यात हवेतच इतकी वाफ असते, की घाम वाळण्याऐवजी ओघळतो, शरीर थंड होत नाही, आणि तीच शक्ती लावूनही हृदयाचे ठोके वाढत जातात. छताचा पंखा येथे अपुरा पडतो. छातीच्या समोर उभा पंखा आणि त्याच्या मागे उघडी खिडकी, यांवर खर्च करणे महागड्या ट्रेनरवर खर्च करण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचे आहे, आणि हा क्रम दुकानांत उलटा सांगितला जातो ही खेदाची गोष्ट आहे.

ओघळलेल्या घामाचा दुसरा बळी म्हणजे सायकल. घामातील मीठ हँडलच्या नळीच्या बेअरिंगमध्ये, ब्रेकच्या तारेच्या तोंडाशी आणि सीटच्या दांड्याच्या फटीत साचते. अॅल्युमिनियमचा दांडा पोलादी नळीत असला, तर खारट ओल मिळताच दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन दांडा कायमचा अडकतो. खाडीच्या काठावर खारा वारा आधीच हे काम करत असतो. म्हणून हँडलपासून सीटपर्यंत एक जुना पंचा आडवा टाकावा, व्यायाम संपताच गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने चौकट पुसून कोरडी करावी आणि महिन्यातून एकदा सीटचा दांडा बाहेर काढून त्याला ग्रीस लावावे.

ट्रेनर ही गरज आहे, पर्याय नव्हे, हे नियोजनकारांनी ध्यानात घ्यायला हवे. न्हावा आणि शेवा ही गावे बंदराच्या कितीतरी आधीची आहेत, आणि येथील माणसाला कामाच्या ठिकाणी सायकलवर सुखरूप जाता येईल एवढी कडेची पट्टी रस्त्यांना असणे, तीही उभ्या ट्रेलरांपासून मोकळी असणे, ही मागणी अवाजवी नाही. हजारो कोटींचा सेतू बांधू शकणाऱ्या यंत्रणेला ती न परवडण्याचे कारण दिसत नाही.

पाऊस ओसरल्यावर दसऱ्याच्या सुमारास सायकल चौकटीतून काढताना मागचे टायर बदलणे विसरू नये. चार महिने रुळावर घासलेले टायर मधोमध चपटे आणि गुळगुळीत होते, त्याची रस्त्यावरची पकड कमी झालेली असते, आणि जासईच्या उतारावर मागे ट्रेलर असताना ब्रेक दाबायची वेळ आली, तर फरक नेमका तेथेच कळतो. काढलेले टायर टाकून देऊ नये. पुढच्या मृगाला तेच पुन्हा रुळावर चालते.