चाकांची पकड आणि तिचा पहारेकरी

एप्रिल-मे महिन्यांत बंगळूरु शहरावर वळवाच्या पहिल्या सरी कोसळतात, तेव्हा तेथील रस्ते पाहता पाहता निसरडे होतात. कोरड्या दिवसांत साचलेली धूळ, सांडलेले तेल व टायरांच्या रबराची झीज पाण्यात कालवली जाऊन डांबरावर एक बुळबुळीत थर पसरतो. सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावरील या शहरात चढउतारही पुष्कळ आहेत. अशा ओल्या चढावर थांबलेली मोटार पुन्हा चालू करताना चालकाने ॲक्सिलरेटर जोराने दाबला, की चाक जागच्या जागी गरगरू लागते.

असे का व्हावे? चाकाला पुढे ढकलणारे बळ रस्ता व रबर यांमधील घर्षणातूनच लाभते. ओल्या रस्त्यावर हे घर्षण बरेच घटते. इंजिनाचा जोर त्या मर्यादेपलीकडे गेला म्हणजे चाक घसरते, आणि घसरणाऱ्या चाकाची पकड अधिकच कमी होते. शिवाय, डिफरन्शियल ही दातेरी चक्रांची साधी रचना दोन्ही चाकांना सारखेच बळ पोचविते. त्यामुळे एक चाक चिखलात गेले, की त्याला जेवढे अल्प बळ पेलते तेवढेच कोरड्या जागेवरील दुसऱ्या चाकासही मिळते.

या अडचणीवरील उपाय म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल, अर्थात पकड-नियंत्रण होय. बंगळूरु येथे जिच्या भारतीय कंपनीचे मुख्यालय आहे, त्या बॉश या जर्मन कंपनीने १९७८ मध्ये चाके न अडकू देणारी ब्रेकयंत्रणा व १९८६ मध्ये पकड-नियंत्रण प्रचारात आणले. दोहोंचे डोळे एकच: प्रत्येक चाकाजवळ बसविलेले गतिमापक संवेदक. एखादे चाक इतरांहून फार वेगाने फिरताना आढळले, की यंत्रणा इंजिनाचा जोर कमी करते अथवा त्याच चाकाला ब्रेक लावते. मग दुसऱ्या चाकाकडेही अधिक बळ जाते. त्या वेळी चालकापुढील दिवा लुकलुकतो. यंत्रणा काम करीत असल्याची ती खूण आहे.

परंतु कधी कधी हा दिवा स्थिर राहतो, म्हणजेच यंत्रणा बंद असते. त्याची कारणे तीन. गाडी चिखलात वा वाळूत रुतली असता चाकांना थोडे फिरू देणेच हिताचे असते. म्हणून चालक स्वतः बटण दाबून यंत्रणा थांबवितो. दुसरे, ब्रेक वारंवार लागून फार तापले, तर ते निवेपर्यंत यंत्रणा आपले काम आवरते. तिसरे, संवेदकावर चिखल बसला किंवा त्याची तार तुटली, तर मिळणारी माहिती अविश्वसनीय ठरते. खोट्या माहितीवरून भलत्याच चाकाला ब्रेक लावण्यापेक्षा स्वस्थ राहणे बरे, अशीच तिची रचना केलेली असते.

तेव्हा यंत्रणेने माघार घेणे हाही सुरक्षिततेचाच एक भाग आहे. नेहमीचे ब्रेक त्या वेळीही चालू असतात. मात्र संवेदक समाईक असल्याने चाके न अडकू देणारी व्यवस्थाही बंद पडलेली असू शकते. म्हणून बटण न दाबताही दिवा स्थिर राहिल्यास गाडी सावकाश हाकावी व लवकर तपासून घ्यावी. कोणतीही यंत्रणा नवे घर्षण निर्माण करू शकत नाही; असलेल्याचा योग्य उपयोग करणे एवढेच तिच्या हाती असते. झिजलेला टायर व उतावळा पाय यांवर तिच्यापाशी इलाज नाही.