आकाशगंगेच्या अंतरंगात (लेखांक ७) : पल्सारच्या दोन साक्षी

मागच्या लेखांकात आपण ताऱ्यांमधल्या जागेत पसरलेल्या थंड हायड्रोजनची ओळख करून घेतली. त्याच जागेत आणखी एक वायू आहे. मोठ्या, अतितप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे केले आहेत. हा आयनीभूत वायू इतका विरळ आहे, की शंभर घनसेंटिमीटर जागेत सरासरी जेमतेम तीन सुटे इलेक्ट्रॉन सापडावेत. त्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्रही तसंच क्षीण, अवघं काही मायक्रोगॉस. म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण लाखावा हिस्सा. तिथवर कोणतंही उपकरण पोहोचणार नाही. तरीही या दोन्ही गोष्टी मोजता येतात, त्या पल्सारमुळे, म्हणजे स्वतःभोवती वेगाने फिरत नियमित रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांमुळे.

वृषभ राशीतल्या क्रॅब नेब्युलाचंच उदाहरण घेऊ. इ. स. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या ताऱ्याच्या स्फोटाचा हा अवशेष. त्याच्या मध्यभागी सेकंदाला सुमारे ३० वेळा स्वतःभोवती फिरणारा पल्सार आहे. त्याचे रेडिओ स्पंद सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षांची वाट तुडवून आपल्याकडे येतात.

स्पंद निघतो तेव्हा त्यातल्या सगळ्या वारंवारता बरोबरीने निघतात. वाटेतले सुटे इलेक्ट्रॉन मात्र कमी वारंवारतेच्या तरंगांना अधिक रेंगाळायला लावतात. त्यामुळे क्रॅबचा १४०० मेगाहर्ट्झचा स्पंद पोहोचल्यावर ४०० मेगाहर्ट्झचा स्पंद यायला आणखी सुमारे १.३ सेकंद लागतात. या विलंबावरून वाटेत एकूण किती इलेक्ट्रॉन लागले, ते कळतं. ही पहिली साक्ष.

दुसरी साक्ष तरंगांच्या कंपनांची. पल्सारचे रेडिओ तरंग बऱ्याच अंशी ध्रुवित असतात, म्हणजे त्यांची कंपनं एका ठरावीक प्रतलात होतात. चुंबकीय क्षेत्रामुळे काचेतून जाणाऱ्या प्रकाशाचं हे प्रतल फिरतं, हे मायकेल फॅरडे यांनी १८४५ मध्ये दाखवून दिलं. आयनीभूत वायूतही तेच घडतं आणि तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातं. क्रॅबचं प्रतल १४०० मेगाहर्ट्झला फेरीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतकं फिरतं, तर ४०० मेगाहर्ट्झला जवळपास चार फेऱ्या पुऱ्या करतं.

विलंब ठरतो इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर; प्रतलाचं फिरणं ठरतं इलेक्ट्रॉन आणि चुंबकीय क्षेत्र या दोहोंवर. दुसऱ्या मापाला पहिल्याने भागलं, की इलेक्ट्रॉन गळून पडतात आणि उरतं ते चुंबकीय क्षेत्र. शिवाय पल्सारचं अंतरही या भागाकारात लागत नाही. खगोलशास्त्रात अंतर हेच सर्वांत अवघड माप असतं. ते टाळून थेट चुंबकत्वापर्यंत नेणारी ही रीत मला या साऱ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

क्रॅबच्या बाबतीत उत्तर येतं सुमारे एक मायक्रोगॉस, दिशा आपल्यापासून दूर जाणारी. हा आकडा कमी दिसण्याला कारण आहे. या रीतीने आपल्या दृष्टिरेषेवरचाच घटक मोजला जातो, आणि वाटेत क्षेत्राची दिशा उलटली तर तेवढा भाग वजा होतो.

म्हणून एका पल्सारवर भागत नाही. निरनिराळ्या दिशांच्या, निरनिराळ्या अंतरांवरच्या शेकडो पल्सारची मापं जुळवल्यावर एक चित्र उभं राहतं: क्षेत्र ढोबळमानाने सर्पिल बाहूंना धरून वाहतं, पण आपल्या परिसरातून आतल्या धनु बाहूकडे गेलं की त्याची दिशा उलटते. ती का उलटते, याचं सर्वमान्य उत्तर अजून मिळालेलं नाही.

विलंब आणि फिरणं दोन्ही कमी वारंवारतेला ठळक होत असल्याने नारायणगावजवळच्या खोडद इथली, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण अशा मोजणीला फार सोयीची आहे.

एवढ्या क्षीण क्षेत्रासाठी ही खटपट कशाला? कारण वायूच इतका विरळ आहे, की या क्षेत्राचा दाब वायूच्या दाबाच्या तोडीस तोड ठरतो. वायूचा ढग आकसून त्यातून तारे कधी आणि किती जन्मावेत, यात त्यामुळे चुंबकत्वाचाही वाटा असतो.

दृष्टिरेषेला आडवा असलेला घटक या रीतीने कळत नाही. त्यासाठी ताऱ्यांचा प्रकाश आणि वाटेतली धूळ कामी येते. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.