धबधबा शोधायला जाताय? आधी तिला विचारा!

पावसाची चाहूल लागली की भिवंडी-कल्याणच्या बाजारात शेवळं दिसायला लागतात. शहापूर-वाड्याकडच्या कातकरी, ठाकूर, वारली बायका टोपल्या घेऊन पहाटेच येऊन बसतात. आपण वाट्यासाठी घासाघीस करतो, शेवळं खाजू नयेत म्हणून सोबत काकडंही मागून घेतो. पण ही भाजी ज्या रानातून येते, तिथे आपणही एकदा जावं असं किती जणींच्या मनात येतं? डोंगर, दरी, धबधबा ही जणू पुरुषांची आणि कॉलेजच्या पोरांची मक्तेदारी!

हल्ली मात्र भिशीच्या, बचत गटाच्या मैत्रिणी मिळून निघतात. छान वाटतं बघून. भिवंडीहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी जागा म्हणजे शहापूर तालुक्यातला माहुली. कल्याणहून कसारा लोकल पकडायची, आसनगावला उतरायचं आणि रिक्षाने माहुली गावात जायचं. उंची २८१५ फूट. १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्याची शेवटची लढत दिली ती याच गडावर. धबधब्यासाठी मात्र गड चढावा लागत नाही. तो खालच्या दरीत, झाडीत लपलेला आहे. गावातून पुढे ओढ्याच्या काठाने, दगडधोंड्यांतून चालत जायचं. तो आधी ऐकू येतो आणि मग दिसतो!

पाणी दगा देतं, पण आधी सांगतं

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली एक महिला आणि चार मुलं वाहून गेली. सहलीलाच आली होती बिचारी. पाणी अचानक वाढलं आणि मधल्या खडकावरून काठावर येणंच जमलं नाही.

हे असं का होतं? आपण उभ्या असतो तिथे ऊनसुद्धा असेल, पण वर डोंगरावर पाऊस कोसळत असतो. चारही बाजूंच्या उतारांवरचं पाणी त्या एका ओढ्यात उतरतं आणि काही मिनिटांत गुडघाभर पाणी कमरेला लागतं. पण त्याआधी खुणा दिसतात. नितळ पाणी गढूळ होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, आवाज जड होतो. यातलं एक जरी दिसलं, तरी सामान राहू द्या, फोटो राहू द्या, मुलांचे हात धरा आणि ओढ्यापासून लांब, उंचावर जा. परतीच्या वाटेत ओढा आडवा असेल आणि पाणी वाढलं असेल, तर उतरेपर्यंत थांबा. घरी उशीर झाला म्हणून बोलणी खावी लागली तरी चालतील!

निघण्यापूर्वी

* पावसाळ्यात धबधब्यांवर प्रशासन अनेकदा बंदी घालतं. आधी चौकशी करा. बंदी असेल तर जाऊ नका.
* माहुलीचा परिसर तानसा अभयारण्यात येतो. वन खात्याच्या चौकीवर नोंद करा.
* साडी, लांब ओढणी, जीन्स नको. ओली जीन्स जड होते, ओढणी अडकते. सुती सलवार किंवा ट्रॅक पँट बरी. चपला नकोत, तळाला खाचा असलेले बूट घाला.
* बाथरूमची सोय स्टेशनवर किंवा गावातच बघून घ्या. त्या धास्तीने पाणी न पिता डोंगरात चालू नका, चक्कर येते. वापरलेली पॅड पिशवीत बांधून घरी आणा.
* दुपारी तीनपर्यंत परत फिरा. झाडीत अंधार लवकर पडतो.

सगळ्यात महत्त्वाचं, गावातल्या एखाद्या ताईला किंवा दादाला वाटाड्या म्हणून सोबत घ्या आणि त्यांना योग्य पैसे द्या. ओढ्याचा स्वभाव कुठल्याही मोबाइलपेक्षा त्यांना जास्त कळतो. जळणासाठी, भाजीसाठी, पाण्यासाठी ती ताई बारा महिने त्याच वाटेने जात असते. ती ‘आज नको’ म्हणाली तर गावातच कुणाकडे पैसे देऊन पिठलं-भाकरी खा, गप्पा मारा आणि परत या. सहल वाया गेली असं मुळीच समजू नका.

आणखी एक. या माहुलीच्या पलीकडेच तानसा तलाव आहे. त्याचं धरण १८९२ साली पुरं झालं, तेव्हापासून तिथलं पाणी मुंबईला जातं. भातसाही याच तालुक्यात. तरीही उन्हाळ्यात शहापूरच्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते आणि बायकांना हंडे घेऊन लांबवर चालावं लागतं. जुलैत आपण ज्या पाण्यात भिजून खिदळतो, तेच पाणी एप्रिलमध्ये तिच्या घरी नसतं. म्हणून त्या ओढ्यात साबण, शॅम्पूच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं टाकू नका. आपली मजा एका दिवसाची असते. तिला मात्र वर्षभर तिथेच राहायचं असतं.