जुन्या मोटारीची घरगुती दुरुस्ती

ग्वाल्हेरच्या लष्कर भागाला हे नाव दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये तेथे दिलेल्या सैन्यतळावरून पडले. या भागातील खासगी बाजारासारख्या पेठा मोटारींचा विचार करून वसविल्या गेल्या नव्हत्या. अशा ठिकाणी मारुती ८०० सारखी आटोपशीर मोटारच सोयीची. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या या मोटारीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. तथापि निवृत्तिवेतनावर संसार चालविणाऱ्या कुटुंबास ती मोडीत काढून नवी घेणे सहजसाध्य नसते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते व तपासणीनंतर ५ वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५ हजार रुपये झाले. २० वर्षांवरील मोटारींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजार रुपयांवर नेण्यात आले. हा भार सोसल्यावर उरणारी तुटपुंजी रक्कम कशावर खर्चावी, हा खरा प्रश्न होय. किरकोळ कामे घरी करून वाचलेला पैसा ब्रेक, टायर व स्टिअरिंगसाठी राखून ठेवणे हेच श्रेयस्कर.

कार्बोरेटर असलेल्या जुन्या मोटारीचे पुष्कळसे दोष नुसते पाहून उमगतात. स्पार्क प्लग काढून त्याचे टोक न्याहाळावे. ते फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक चालले आहे. कोरडी काळी काजळी दिसल्यास पेट्रोल अधिक जात आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. तेलकट काळेपणा इंजिनाची झीज सुचवितो. पांढुरके टोक अतिउष्णतेचे लक्षण समजावे. प्लग बदलण्याची घाई करण्यापूर्वी फिल्टर तपासावा. प्लगमधील अंतर फीलर गेजने मोजून मोटारीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवावे. अंदाजाचे येथे काम नाही.

ग्वाल्हेरचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा मोटार तापते. यावर थर्मोस्टॅटच काढून टाकण्याचा उपाय अनेकदा सुचविला जातो. तो चुकीचा आहे, कारण त्यामुळे हिवाळ्यात इंजिन पुरेसे तापत नाही आणि पेट्रोल अधिक लागते. त्यापेक्षा रेडिएटरच्या जाळीतील धूळ, फॅन बेल्टचा ताण आणि रबरी नळ्यांच्या भेगा तपासाव्यात. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये.

दाराची मूठ, दिव्याची काच असे भाग भंगारबाजारातून आणण्यास हरकत नाही. ब्रेकचे भाग मात्र नवेच घ्यावेत व जाणत्या कारागिराकडून बसवावेत. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते; म्हणून फोडून बरेच दिवस ठेवलेला डबा, अर्धा भरलेला असला तरी, वापरू नये. केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते; भक्कम स्टँड लावूनच काम करावे. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. काढलेले जुने तेल गटारात न ओतता डब्यात भरून ते गोळा करणाऱ्याकडे द्यावे.