रेंज फुल, तरी फोन लागेना!

मागच्या आषाढीला पंढरपुरात, चंद्रभागेच्या वाळवंटात, आईची आणि माझी चुकामूक झाली. फोनवर रेंज फुल, पण कॉल काही लागेना. चाळीस मिनिटांनी ती पुंडलिकाच्या देवळापाशी बसलेली सापडली, आणि वर माझ्यावरच चिडलेली.

हे होतं कसं? तर रेंजच्या त्या रेघा फक्त सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतात. टॉवरवर जागा आहे का, ते नाही. एसटी समोर उभी आहे, पण आत पाय ठेवायला जागा नाही, तसं.

आता गंमत बघा. बऱ्याचदा एक टॉवर तुडुंब असतो आणि शेजारचा त्यामानाने मोकळा. पूर्वी इंजिनिअर गाडीतून फिरून मोजमाप घ्यायचे, मग सेटिंग बदलायचे. तोवर दिंड्या परतीला लागायच्या! म्हणून आलं 'सेल्फ ऑर्गनायझिंग नेटवर्क', थोडक्यात सॉन. ४जीचं पहिलं स्टँडर्ड, म्हणजे थ्रीजीपीपीचं रिलीज ८, तिथूनच याची सुरुवात झाली. सॉफ्टवेअर सतत आकडे बघत असतं. गर्दी वाढली की दोन टॉवरमधली हद्द सरकवतं, म्हणजे कडेचे फोन शेजाऱ्याकडे जातात. अँटेनाला मोटर बसवलेली असेल तर तिचा कलही लांबूनच बदलतं. खांबावर कुणी चढत नाही.

हे सगळं विकत घ्यायचं तर महाग, शिवाय चालवायला माणसं हवीत. म्हणून ते भाड्यानेही देता येतं. क्लाउडवरून, हव्या त्या भागापुरतं, हवे तेवढे दिवस. मांडववाल्यासारखं! वारीला एकदम फिट. यात पैसाही मोठा आहे. सिस्कोने २०१३ मध्ये इंट्युसेल ही इस्रायली सॉन कंपनी सुमारे ४७.५ कोटी डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं होतं.

मला मात्र एक गोष्ट खटकते. अँटेना गर्दीकडे खाली झुकवली की लांबच्या वस्तीची रेंज कमी होते. तिथे कुणाला १०८ लावायचा असेल तर? सॉफ्टवेअर दिलेलं टार्गेट गाठतं, बस्स. त्या वस्तीला किमान रेंज मिळालीच पाहिजे, ही अट करारात नसेल तर भाड्याने आलेली कंपनी तिकडे कशाला बघेल?

आणि सगळेच टॉवर भरले तर सॉनही हात टेकतं. तिथे चाकांवरचे टॉवर आणावेच लागतात.

यंदा आईला आधीच सांगून ठेवलंय, चुकामूक झाली तर पुंडलिकापाशीच बस.